जाळ्यात आलेलं पिवळं नळकांडं आणि समुद्राचा 'लाइव्ह' डेटा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आर्गो फ्लोटांवर एक छोटी चौकट छापली होती. समुद्रात सोडून दिलेली यंत्रं आपली आपण खाली-वर करतात, पाण्याचं तापमान नि खारटपणा मोजतात आणि दर १० दिवसांनी सॅटेलाइटवरून 'रिअल टाइम' पाठवतात, एवढंच त्यात होतं. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, त्यातली अर्धी किनाऱ्यावरून आणि अर्धी जिथं समुद्र दिसतही नाही अशा गावांतून आलीयेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, बाकी जसे आले तसे देतोय.

प्रश्न: गेल्या सीझनला काकांच्या ट्रॉलरच्या जाळ्यात एक पिवळं नळकांडं आलं, वरची काठी धरून माणसाएवढं. तांडेल बोलला बॉम्ब असेल, एक खलाशी बोलला आत चांदी असते फोडूया. शेवटी घाबरून परत पाण्यात टाकलं. ते काय होतं, आणि टाकलं ते बरोबर केलं का? (देवगडहून एक वाचक)

वर्णनावरून आर्गो फ्लोटच वाटतोय, वरची काठी म्हणजे त्याची अँटेना. बॉम्ब नाही आणि चांदी तर अजिबात नाही. आत बॅटरी, एक छोटा पंप, थोडं तेल आणि इलेक्ट्रॉनिक्स, डोक्यावर सेन्सर. फोडलं नाही हे मात्र फार बरं केलंत, कारण बऱ्याच फ्लोटांत लिथियमच्या बॅटऱ्या असतात आणि आत पाणी शिरलेलं असेल तर गॅसचा दाब साठून राहिलेला असू शकतो. अशा वेळी झाकण उघडायला गेलेल्या माणसाच्या तोंडावर ते उडू शकतं. म्हणून स्क्रू ड्रायव्हर, कोयता, ग्राइंडर काही म्हणजे काही लावायचं नाही.

आता टाकलं ते बरोबर का, तर ते जिवंत होतं का मेलेलं त्यावर आहे. हे फ्लोट सोडतात ते साधारण २००० मीटरपेक्षा खोल पाण्यात, तुमच्या मापात हजार-अकराशे वाव. देवगडचा ट्रॉलर जाळं ओढतो ते त्याच्या कितीतरी अलीकडे. त्यामुळं तुम्हाला मिळालेलं बहुतेक बॅटरी संपून वाहत वाहत किनाऱ्याकडे आलेलं असणार. तसं असेल तर पाण्यात टाकून फार बिघडलं नाही, पण फायदाही काही झाला नाही. पुढच्या वेळी मिळालं तर अंगावरचं लेबल आणि नंबर यांचा फोटो काढा, जीपीएसवरची जागा लिहून ठेवा आणि बंदरात आल्यावर मत्स्य खात्याच्या ऑफिसात किंवा कोस्ट गार्डला कळवा. लेबलवर बहुतेक वेळा कुणाला कळवायचं तेही लिहिलेलं असतं. खोल पाण्यात मिळालं आणि अंगावर शंखशिंपले नसतील, धडधाकट दिसत असेल, तर नंबर टिपून लगेच परत सोडणं हेच उत्तम, ते बिचारं कामावर असतं.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगला आहे. तुम्ही 'रिअल टाइम' म्हणता आणि पुढे लिहिता की फ्लोट १० दिवसांतून एकदा डेटा पाठवतो. हे रिअल टाइम कसं? २०० रुपयांचं जीपीएस मॉड्यूल लावून सतत पाठवता येत नाही का? (पुण्याहून एक विद्यार्थी)

टोमणा मान्य. पण २०० रुपयांचं मॉड्यूल पाण्याखाली गेलं की आंधळं होतं, कारण खाऱ्या पाण्यातून रेडिओ लहरी जवळजवळ जातच नाहीत. जीपीएस नाही, मोबाइल नाही, सॅटेलाइट नाही. खाली असताना फ्लोटला आपण कुठं आहोत हेही माहीत नसतं. पाण्यात लांबवर जातो तो फक्त आवाज. १९५५ साली जॉन स्वॅलो नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बांधकामाच्या परांचीला वापरतात तसल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे फ्लोट करून खोल पाण्यात सोडले होते, ते टिक टिक आवाज करायचे आणि त्यांच्या मागं मागं जहाज घेऊन कान लावून बसायला लागायचं. एका फ्लोटमागं एक जहाज, हा हिशोब कुणालाच परवडणारा नव्हता. मग सॅटेलाइट आले आणि डोकं असं चाललं की आपण त्याच्या मागं कशाला फिरायचं, त्यालाच ठरावीक वेळानं वर येऊन सांगू दे.

आता त्याचा १० दिवसांचा दिनक्रम बघा. आधी १००० मीटरवर जाऊन ९ दिवस नुसता प्रवाहाबरोबर वाहत राहतो. मग २००० मीटरपर्यंत खाली उतरतो, तिथं दाब असतो हवेच्या साधारण २०० पट. तिथून वर यायला निघतो आणि येता येता मोजत येतो. वेग सेकंदाला १० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे वर यायला साडेपाच-सहा तास. पृष्ठभागाच्या थोडं खाली आला की खारटपणा मोजणाऱ्या सेन्सरचा पंप बंद करतो, कारण वरचा तेलकट तवंग आत ओढला गेला तर सेन्सर खराब होतो. वर आला की जीपीएसवर जागा घेतो, डेटा पाठवतो, परत खाली. जुने फ्लोट डेटा पाठवायला अर्धा-अर्धा दिवस वरच लोळत पडायचे, इरिडियम नावाच्या सॅटेलाइटांवरून पाठवणारे नवे पाव तासात मोकळे होतात.

खाली-वर कसा करतो हे मला सगळ्यात आवडतं. प्रोपेलर नाही काही नाही. आतलं तेल पंपानं बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलतो, जेमतेम पाव लिटर, वजन तेवढंच राहिलं पण आकार वाढला म्हणून तरंगायला लागतो. तेल परत आत घेतलं की बुडतो. आर्किमिडीज शाळेत घोकलेला असतो, तोच इथं नोकरीला लागलाय. माशाच्या पोटातल्या फुग्यासारखंच आहे म्हणा. बॅटरी संपते ती मुख्यतः तेलाच्या या पंपानं आणि वर डेटा पाठवताना, त्यामुळं रोज वर-खाली केलं तर एका वर्षाच्या आतच गळाठतो, १० दिवसांनी केलं तर ४-५ वर्षं टिकतो, दीडशेच्या वर फेऱ्या होतात. आणखी एक गोष्ट म्हंजे वर उन्हात राहिलं की शेवाळ आणि बार्नॅकल धरतात, १००० मीटरवर अंधारगुडुप थंडीत ते होत नाही, म्हणून सेन्सर वर्षानुवर्षं बरे राहतात.

तर रिअल टाइम म्हणजे क्रिकेटच्या स्कोअरसारखं नव्हे, वर आल्यापासून २४ तासांच्या आत डेटा जगभर पोचतो म्हणून रिअल टाइम. समुद्राच्या पोटात गोष्टी बदलतात त्याही सावकाश, आणि फ्लोट एक नाही, ४००० च्या आसपास आहेत. सुरुवात १९९९-२००० ला झाली, ३००० चं टार्गेट नोव्हेंबर २००७ ला गाठलं. त्याच्या आधी दक्षिणेकडच्या समुद्रात थंडीच्या दिवसांत मोजायला कुणी जहाज न्यायचंच नाही, तिथलं आता रोज काहीतरी येतं. तासातासाला पाहिजे असेल तर त्याला नांगरलेला बोया, म्हणजे एका जागी तरंगत राहणारं यंत्र लागतं, त्यावर पुढचं पत्र आहेच.

प्रश्न: सरकारी माणसं मीटिंगला येऊन सांगतात की कोळी लोक बोये तोडतात. आमचे लोक बोयाला दोर बांधतात कारण तिथे मासळी मिळते. समुद्र काय यांनी विकत घेतलाय? आणि त्या बोयाचा आम्हाला काय फायदा? (रायगड जिल्ह्यातून, मच्छीमार सोसायटीचे एक सभासद)

राग समजू शकतो. पहिलं म्हणजे हे फक्त आपल्याकडं होत नाही. पॅसिफिकमध्ये एल निनोवर लक्ष ठेवायला बोयांची मोठी रांग लावलीये, तिथं ट्यूना पकडणाऱ्या मोठमोठ्या बोटी हेच करतात. मोकळ्या समुद्रात काहीही तरंगत असलं की त्याच्या सावलीला बारके मासे जमतात, त्यांच्या मागं मोठे, आणि त्यांच्या मागं आपण. यात कोळ्याचा दोष काढण्यात अर्थ नाही, मासा असेल तिथं तो जाणारच.

पण दोर बांधल्यावर नक्की काय होतं ते मीटिंगमध्ये कुणी नीट सांगत नाही बहुतेक. आपल्याकडचे खोल समुद्रातले पिवळे बोये चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एनआयओटी, सांभाळते, हा कार्यक्रम १९९६ पासूनचा आहे. वर वारा, हवेचा दाब, पाऊस, ऊन मोजणारी यंत्रं, आणि खाली लोंबणाऱ्या केबलवर ५०० मीटरपर्यंत तापमान, खारटपणा आणि प्रवाह मोजणारी. हे सगळं दोन-तीन हजार मीटर खोल पाण्यात एका नांगराच्या जिवावर उभं असतं. तो दोर बोयाचं वजन, लाट आणि प्रवाह एवढंच झेलायला बनवलेला असतो. त्याला वरून ट्रॉलर बांधला आणि रात्रभर लाटेवर हिसके बसले की एक तर नांगर सरकतो, नाहीतर दोर तुटतो आणि बोया वाहत निघतो. वाऱ्याचा सेन्सर तर बोट नुसती घासली तरी जातो. जाळं खालच्या केबलमध्ये अडकलं तर तुमचं जाळंही गेलं आणि सेन्सरही गेले, दोघांचं नुकसान. परत लावायचं तर चेन्नईहून जहाज निघायला लागतं, पावसाळ्यात ते निघतही नाही, मग नेमकं वादळाच्या सीझनला तिथला डेटा बंद. म्हणून बोयापासून अंतर ठेवून मासेमारी करा, दोर बांधू नका एवढंच म्हणणं आहे.

फायद्याचं सांगतो, आणि वाढवून नाही सांगत. तुम्हाला मासळीच्या जागेचा जो सल्ला मोबाइलवर येतो तो मुख्यतः सॅटेलाइटवरून काढतात, पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा बघून, तो बोयामुळं येतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बोयाचा खरा फायदा लाटांच्या इशाऱ्यात आहे. रत्नागिरीसारख्या ठिकाणी किनाऱ्याजवळ वेव्ह रायडर नावाचा गोल बोया असतो, तो लाटेबरोबर वर-खाली होतो त्यावरून लाट किती उंच, किती सेकंदांनी येतेय, कुठल्या दिशेनं येतेय ते दर अर्ध्या तासानं कळतं. कॉम्प्युटरनं काल काढलेला लाटांचा अंदाज खरा होता का खोटा हे त्याच्यावर तपासतात. बोया नसला तरी अंदाज येईलच, पण तो तपासलेला नसेल. तौक्तेसारखं वादळ येताना बोटी कधी परत बोलवायच्या हे अशा अंदाजावर ठरतं, तेव्हा तो तपासलेला असलेला बरा.

सोसायटीला अजून एक सुचवतो, पुढच्या मीटिंगला त्या लोकांकडं बोयांच्या जागांची यादी मराठीत मागा. नुसतं 'तोडू नका' सांगण्यापेक्षा ते त्यांनी आधीच द्यायला पाहिजे होतं असं माझं मत आहे.

प्रश्न: समुद्राची माहिती गोळा करणारी सरकारी संस्था हैदराबादला? तिथे समुद्र कुठाय? (मालवण)

नाहीये. इन्कॉइस १९९९ पासून तिथंच आहे, डेटा सॅटेलाइटवरून येतो, समुद्रावरून चालत येत नाही. आणि सुनामी आली तर इशारा देणारं ऑफिस भिजत नाही हा बोनस.

प्रश्न: आमचा कापूस आणि सोयाबीन. दोन हजार मीटर खाली पाणी किती थंड आहे याच्याशी वर्ध्याच्या शेतकऱ्याचा काय संबंध? (वर्धा)

दोन हजारशी फार नाही, वरच्या शंभर-दोनशे मीटरशी खूप आहे. सॅटेलाइट समुद्राची फक्त कातडी बघतो. वर २९ अंश दिसलं तरी खाली गरम पाणी १० मीटर आहे का ८० मीटर हे त्याला दिसत नाही. १० मीटर असेल तर जरा वारा सुटला की खालचं गार पाणी ढवळून वर येतं आणि वादळाचा जोर कमी होतो, ८० मीटर असेल तर वादळाला जेवण मिळत राहतं. बंगालच्या उपसागरात आणखी वेगळी गंमत आहे, गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर झाकणासारखं पसरतं, ते हलकं असल्यामुळं खालच्यात पटकन मिसळत नाही आणि उष्णता अडकून बसते. हे फ्लोट आणि बोये नसते तर एवढ्या तपशिलात कळलं नसतं.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०१२ पासून मान्सून मिशनचं काम चालू आहे. तिथं पूर्ण सीझनचा अंदाज काढणारं मॉडेल हवा आणि समुद्र दोन्ही एकत्र चालवतं. ते सुरू करताना आज समुद्र कुठं किती गरम आहे हे आतपर्यंत सांगावं लागतं, आणि ते तयार करताना आर्गोचा डेटा वापरतात. सुरुवातच चुकीची दिली तर पुढचे चार महिने मॉडेल चुकीच्याच दिशेनं पळणार. आफ्रिकेकडचं पाणी गरम आणि इंडोनेशियाकडचं गार, हा जो हिंद महासागरातला डायपोल, तो १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. २०१९ ला तो जबरदस्त होता आणि त्या वर्षी देशात सरासरीच्या ११० टक्के पाऊस पडला. आता सगळं श्रेय डायपोलला देऊ नका, पाऊस एवढा सरळ नसतो. आणि पुढच्या मंगळवारी तुमच्या शिवारात पाऊस आहे का हे कुठलाही फ्लोट सांगणार नाही, पेरणी त्याच्यावर ठरवू नका, त्याच्यासाठी हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाजच बघा.

प्रश्न: ४००० यंत्रं समुद्रात टाकायची आणि बॅटरी संपली की सोडून द्यायची. हा कचरा नाही का? (ठाण्याहून, आणि याच अर्थाची आणखी तीन पत्रं)

आहे. गोल गोल उत्तर देत नाही. बहुतेक फ्लोट परत आणले जात नाहीत, कारण एक फ्लोट शोधायला जहाज पाठवायचं तर जहाजाच्या एका दिवसाच्या खर्चात नवा फ्लोट येऊ शकतो, वर डिझेल जळतं ते वेगळंच. वर्षाला काहीशे फ्लोट असे संपतात. समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या मानानं हे काहीच नाही, पण 'दुसरा जास्त घाण करतो' हे उत्तर मला स्वतःला पटत नाही. मी त्याच्याकडं असं बघतो की पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेतली ९० टक्क्यांहून जास्त समुद्रात गेलीये हे आपण आकड्यांनिशी म्हणू शकतो त्यात या फ्लोटांचा फार मोठा वाटा आहे, आणि ते कळायला दुसरा स्वस्त मार्ग आज तरी नाही. किनाऱ्याजवळ आलेले तरी उचलून आणायची व्यवस्था पाहिजे, देवगडच्या पत्रावरून ती आहे असं वाटत नाही.

प्रश्न: सुनामीचा बोया लाट मोजतो का? खोल समुद्रात तर सुनामी जाणवतही नाही म्हणतात. (वरळी)

बरोबर म्हणतात, म्हणून लाट वर मोजतच नाहीत. समुद्राच्या तळाशी दाब मोजणारं यंत्र ठेवलेलं असतं, ते डोक्यावरच्या पूर्ण पाण्याचं वजन बघतं. हजारो मीटर पाण्यात पातळी एक सेंटिमीटर बदलली तरी त्याला कळतं. मग ते आवाजाच्या सिग्नलनं वर तरंगणाऱ्या बोयाला सांगतं, बोया सॅटेलाइटला आणि तिथून हैदराबाद. २६ डिसेंबर २००४ नंतर आपल्याकडं हे उभं राहिलं, सेंटर १५ ऑक्टोबर २००७ ला सुरू झालं. भूकंप झाला हे भूकंपमापक आधीच सांगतात, पाणी हललं का हे हे यंत्र सांगतं. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळ ८.६ चा भूकंप झाला होता, पण जमीन आडवी सरकली, वर उचलली नाही, त्यामुळं मोठी सुनामी आलीच नाही. असल्या वेळी किनारा उगाच रिकामा करायचा का नाही ते तळाच्या आकड्यांवरून ठरवता येतं. आणि वरळीकरांनी बिनधास्त राहू नये, नोव्हेंबर १९४५ मध्ये पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची सुनामी मुंबईपर्यंत आली होती.

प्रश्न: चीनचे फ्लोट आपल्या समुद्रात येत असतील तर ती हेरगिरी नाही का? (नाशिक)

चीनचेही आर्गो फ्लोट आहेत आणि त्यांचा डेटा आपल्या फ्लोटांच्याच ढिगात येऊन पडतो, तुम्हीही बघू शकता. फ्लोटला सुकाणू नाही, प्रवाह नेईल तिकडं जातो, म्हणून १९९९ मध्येच युनेस्कोच्या समुद्र आयोगात ठरलं की फ्लोट दुसऱ्या देशाच्या हद्दीत वाहत जाण्याची शक्यता असेल तर त्या देशाला आधी कळवायचं. पण शंका अगदीच फालतू नाहीये. तापमान आणि खारटपणावर पाण्यात आवाज कसा जाईल ते ठरतं आणि पाणबुडी आवाजावरच लपते नि सापडते, त्यामुळं जगातल्या प्रत्येक नेव्हीला या आकड्यांत रस असतो. म्हणून जे यंत्र डेटा सगळ्यांना देतं ते आर्गो, जे देत नाही त्याची चौकशी करायला पाहिजे.

प्रश्न: मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. मुलांना हा डेटा दाखवता येईल का? पैसे पडतात का? (सोलापूर)

एक रुपया पडत नाही मॅडम, लॉगिनही लागत नाही बहुतेक ठिकाणी. इन्कॉइसच्या साइटवर आर्गोचं पान आहे, त्यात नकाशावर ठिपके दिसतात, प्रत्येक ठिपक्याला ७ आकडी नंबर. अरबी समुद्रातला एक आणि बंगालच्या उपसागराच्या उत्तरेकडचा एक असे दोन घ्या आणि दोन्हींचे ग्राफ शेजारी शेजारी लावा. मुलांना आधी सांगून ठेवा की ग्राफ उलटा असतो, खोली खाली वाढत जाते, नाहीतर अर्धा तास त्यातच जाईल. तापमान वर २८-३० अंश, १००० मीटरवर अरबी समुद्रात ८-९ च्या आसपास, २००० ला ३ च्या जवळ. खारटपणात (साधारण एका किलो पाण्यात किती ग्रॅम मीठ, तो आकडा) खरी मजा आहे, अरबी समुद्र वरच ३६ च्या पुढं आणि उपसागर पावसाळ्यानंतर ३० च्याही खाली जातो. का ते तुम्ही सांगू नका, नकाशावर नद्या कुठल्या बाजूला वाहतात ते बघायला सांगा.

एक गोष्ट सांभाळा, डेटा दोन तऱ्हेचा असतो. रिअल टाइमवाला कॉम्प्युटरनं वरवर तपासलेला, त्यात कधीकधी खारटपणा वेडावाकडा दिसतो कारण सेन्सर हळूहळू सरकत जातो. डिलेड मोडवाला माणसानं बसून दुरुस्त केलेला, तो यायला वर्षही लागतं. वर्गात दाखवायला जुना, डिलेड मोडचाच घ्या. आणि एखाद्या वर्गानं एक फ्लोट दत्तक घेतल्यासारखा धरला तर दर १० दिवसांनी त्याची नवी जागा नकाशावर पिनेनं लावता येते, फक्त सुट्ट्यांच्या आधी नंबर लिहून ठेवायचं काम कुणातरी जबाबदार मुलीकडं द्या.